पॅनलवरचा हार

मंगळवार, १८ नोव्हेंबर. परळ.



दुपारी पॅन्ट्रीत कुणाचं तरी सँडविच जळलं आणि आगीचा अलार्म वाजला. अलार्म वाजला की ऑफिसचे सगळे दरवाजे आपोआप उघडायला हवेत. ती जोडणी मीच करून घेतली होती. आज एकही उघडला नाही. बाकीचे आपापल्या कार्डाने बाहेर पडले. सफाईच्या मंगलमावशींचं कार्ड बाहेर पर्समध्ये राहिलेलं. त्या पॅन्ट्रीच्या धुरात अडकल्या, काचेच्या दारावर तळव्याने बडवत होत्या. मी बाहेरून कार्ड लावलं तेव्हा सुटल्या.

मग धावत सर्व्हर रूममध्ये गेलो. अलार्म आणि दरवाजे जोडणाऱ्या पॅनलवर खंडेनवमीचा झेंडूचा हार अजून तसाच, वाळून काळा पडलेला. तो बाजूला केला तर मागे लाल दिवा. जोडणी बंद.

मीच बंद केली होती. पूजेच्या धुपाने अलार्म वाजून दरवाजे उघडू नयेत म्हणून, फक्त अर्ध्या तासासाठी. आरती झाली, पेढे वाटले आणि विसरलो. दीड महिना. खरी आग असती तर? असा कसा विसरलो मी?

साहेबांना वाटतंय यंत्र बिघडलं. उद्या त्यांनी सिस्टीमच्या नोंदी मागितल्यात. त्यात माझं नाव आहे, वेळेसकट. आणि नोंदी पुसायचा अधिकारही माझ्याकडेच आहे. त्याचीच जास्त भीती वाटतेय.

निघताना मावशी म्हणाल्या, "सर, तुम्ही होता म्हणून वाचले."

तो हार त्यांनीच ओवला होता.