चाक अजून टेकलेलं नाही

३ फेब्रुवारी १९६२, शनिवार

आणली! पण कशी — बैलगाडीत घालून! पुण्यापासून आमच्या उरवड्यापर्यंत नवी कोरी मोटारसायकल पेंढ्यावर उभी, चहूबाजूंनी दोर आवळलेले, आणि मी तिचं हँडल धरून मागं बसलेला. भूगावात पोरं फिदीफिदी हसली. आबा पुढं बसून बैल हाकत होते. त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही.

खरं काय ते इथंच लिहितो. मला ती चालवता येत नाही. आबांना 'येते की!' म्हणून ठोकून दिलं होतं. दुकानातून निघायची वेळ आली तेव्हा तोंडाला येईल ते बोललो — नव्या गाडीचं चाक आधी आपल्या दारच्या मातीला टेकावं, तोवर ती आपली नाही. आबांना पटलं! म्हणाले, "मंग बैलगाडीतनंच न्हेऊ."

पुढच्या सोमवारी, बारा तारखेला, सकाळी सातच्या ठोक्याला पिंपरीच्या कारखान्यात लेथवर हजर व्हायचंय. न आल्यास जागा दुसऱ्याला, असं पत्रात स्वच्छ लिहिलंय. पहिली एस्टी धरली तरी पोचायला नऊ वाजतात. पुण्यात खोली घेतो म्हटलं तर आबांचं एकच, "नोकरी कर, पर मुक्काम घरीच." म्हणून तर ही मोटारसायकल. आठ दिवसांत शिकायची. शिकेन!

घरी आलो तर आई दारात ओवाळायच्या ताटाशिवाय, रिकाम्या हातांनी उभी. "उतरवू नगा. हैबतराव गेलं दुपारी."

हैबतराव म्हणजे भावकीतले काका, आबांपेक्षा थोडे मोठे. ओढ्याकाठच्या शेताच्या वाटणीवरून दोघं कोर्टात गेले, तेव्हापासून अकरा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही. आबांनी हातातला कासरा टाकला आणि तसेच तिकडं गेले.

४ फेब्रुवारी

सुतक! दहा दिवस! घरात नवी वस्तू आणायची नाही. मी म्हटलं, अगं पण ती दारात आलीच आहे ना? आई म्हणाली, "चाक टेकल्याबिगार आपली न्हाई, तूच म्हनालास न्हवं? मंग ऱ्हाऊ दे तितंच." स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला मी.

दहावा दिवस कधी येतो? मोजलं. सोमवारी. बारा तारखेला!

५ फेब्रुवारी

दिवसभरात वीस वेळा अंगणात जाऊन पाहून आलो. बैल मोकळे चरतायत. ती बैलगाडीत उभी. मी घरात-बाहेर, घरात-बाहेर.

६ फेब्रुवारी

आज वर चढून सीटवर बसलोच. क्लच दाबला, गिअर टाकला, तोंडानं आवाज केला. बावीस वर्षांचा घोडा मी! शेजारच्या साळूबाईंनी कुंपणावरून विचारलं, "बहिरू, कुटवर पोचलास?" भूगाव म्हटलं. त्या हसल्या, मीही हसलो. मग एकदम रडूच आलं.

८ फेब्रुवारी

ओढ्यावर नथू भेटला, हैबतरावांचा मुलगा. लहानपणी एका वर्गात होतो. आज इतक्या वर्षांनी स्वतःहून बोलला. "गाडी उतरवत का न्हाईस?" सुतक आहे, म्हटलं. तो कसंनुसं हसला. "तुमाला कशाचं धा दिसांचं? सात पिढ्यांच्या आतल्यास्नी धा. तुज्या बानं कोर्टात वंशावळ लिवून दिली, आमचं-तुमचं आठव्या पिढीला तुटलं म्हून. त्येच्यावर तर आमचा वाटा बुडवला. तुमाला तीनच दिस. ते कवाच सपलं."

घरी येऊन ट्रंकेतून कोर्टाचे कागद काढले. खरंच! आठ पिढ्यांची नावं, एकाखाली एक.

म्हणजे आबांना हे माहीत होतं! तरी दहा धरून बसलेत. कशासाठी? मी जाऊ नये म्हणून, दुसरं काय! मोटारसायकल घेऊन दिली ती नुसती तोंडाला पानं पुसायला.

९ फेब्रुवारी

कागद आबांपुढं धरून सगळी नावं मोठ्यानं वाचली. तीनच दिवस होतात आबा! ते जमिनीकडं बघत म्हणाले, "धाच पाळायचं." का? पुन्हा तेच, "धाच." मग माझा ताबा सुटला. तुम्हाला माझी नोकरी बुडवायचीय, असं तोंडावर बोललो. जन्मात पहिल्यांदा. आई पदर तोंडाला लावून उभी होती. आबा उठून बाहेर गेले, ते जेवायलाही आले नाहीत.

१० फेब्रुवारी

आबा मी उठायच्या आत शेतावर गेले. आई ताट ठेवून आत निघून गेली.

११ फेब्रुवारी

ठरलं. उद्या पहाटेच उतरवणार. सडकेपर्यंत ढकलत नेईन आणि शिकत शिकत जाईन. पडलो तर पडलो! सुतक-बितक काही नाही. कपडे, पत्र, सगळं बांधून ठेवलंय.

१२ फेब्रुवारी

फळी लावून एकट्यानं उतरवली. कुणी अडवलं नाही. आबा घरात नव्हतेच. उतरवता उतरवता तांबडं फुटलं.

ढकलत ओढ्यापाशी आलो तर दहाव्याला भावकी जमलेली. न्हावी नथूचं डोकं करत होता. पुढचा नंबर आबांचा. न्हावी म्हणाला, "कोंडिबा, तुमाला लागत न्हाई. आठवी पिढी." आबा सगळ्यांसमक्ष म्हणाले, "चवथी. मधली चार नावं म्या रचली व्हती, शेतापायी. भाऊ व्हता त्यो माजा. धा दिस तरी पाळू द्या."

नथू आबांकडं बघतच राहिला. तीन दिवसांपूर्वी तीच खोटी नावं मी आबांना वाचून दाखवली होती. मला माझीच लाज वाटली.

तेव्हाच निघालो असतो तर आठपर्यंत पिंपरी गाठून साहेबाच्या हातापाया पडता आलं असतं. मी मोटारसायकल बाभळीला टेकवली, टोपी काढली आणि आबांच्या मागं जाऊन बसलो.