म्हातारीची चूल

कियोज्जा, ९ मार्च

प्रिय ओर्सोला,

तुल्लिओ सुखरूप आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत, पण काल त्याच हातानं त्यानं वाडगाभर शिंपल्यांचा रस्सा ओरपला आणि वर मीठ कमी म्हणून कुरकुरला.

सव्वीस वर्षांपूर्वी तुल्लिओशी लग्न करून मी डोंगर उतरून इथे आले, तेव्हा आपले बाबा म्हणाले होते, यांची आणि आपली बोली एकच, हेल काय तो वेगळा. पहिल्याच दिवशी मासळीबाजारात मी एका मुलाला 'तोसात' म्हणून हाक मारली आणि अख्खा धक्का हसला. इथे मुलाला 'फियो' म्हणतात. आपण शब्दाचा शेवट तोडून टाकतो, हे लोक तो गाण्यासारखा लांबवतात. माझ्या सासूबाई, अमाबिले, चारचौघांत म्हणायच्या, "आमची सून बोलते की लाकडं फोडते?" मग मी बोलणंच कमी केलं. जाळी विणताना त्या बोलायच्या, मी ऐकायचे. भोक राहिलं की ओरडायच्या, "हे म्हातारीच्या चुलीवर टाकलंस तर चिंध्या हाती येतील!" म्हातारीची चूल म्हणजे समुद्रतळाचा एक खडक; जाळी धरून ठेवतो. नकाशात हे नाव नाही. घंटाघर दीपगृहामागे लपलं आणि खाली बारा वाव पाणी लागलं, की समजायचं, आलो. हे मी हजारदा ऐकलं आणि दरवेळी मनात म्हटलं, मला काय करायचंय, मी थोडीच इथे मरणार आहे!

मंगळवारी सकाळी बोरा, तो इथला बर्फगार झोंबरा वारा, सुटला. दहा वाजले तरी तुल्लिओची मासेमारीची नाव येईना, तशी सासूबाई आणि मी बंदरावरच्या रेडिओ केंद्रात गेलो. सिसिलीहून नुकतीच आलेली तरुण अधिकारी तिथे बसली होती. इंजिन बंद पडून तुल्लिओची नाव पाणी घेत होती, जागेचे आकडे दाखवणारं यंत्र भिजून मेलं होतं, आणि तो थंडीनं कुडकुडत नुसता इथल्या बोलीत ओरडत होता. ती बिचारी विनवत होती, "इटालियनमध्ये सांगा हो, कुठे आहात?" सासूबाईंना ऐकू कमी येतं; त्या माझा दंड धरून विचारत होत्या, "काय म्हणतोय गं?" खरखरीतून मला दोनच शब्द कळले: म्हातारीची चूल. मी त्या मुलीच्या हातातून माईक ओढला आणि इथल्या बोलीत, सासूबाईंच्याच शब्दांत ओरडले, "म्हातारीच्या चुलीच्या अलीकडे का पलीकडे? नांगर लागलाय का?"  तिकडून रडवेला आवाज आला, "आई? आई, तू इथे कशी?"

ओर्सोला, त्याला मी त्याची आई वाटले! "आई नाही, रिनाल्दा आहे, मेल्या! अलीकडे का पलीकडे?" "अलीकडे. नांगर धरलाय." घंटाघर-दीपगृहाची रेघ आणि बारा वाव पाणी धरून मी नकाशावर जागा दाखवली, त्या मुलीनं सुटकेची बोट सोडली, आणि बाराच्या आत तो धक्क्यावर होता.

 घरी आल्यावर दारात किल्ली फिरवताना सासूबाई म्हणाल्या, "नांगर म्हणताना शेवट अजून तोडतेस तू." आणि माझा हात घट्ट धरून तिथेच उभ्या राहिल्या.

जानेवारीत मी तुला लिहिलं होतं, ईस्टरला कायमची येते, वरची खोली झाडून ठेव. तुल्लिओला यातलं काही ठाऊक नाही. बॅग पलंगाखाली भरून ठेवली होती, ती काल रिकामी केली. सगळ्या खडकांची नावं सांगायला आठवड्यातून दोन दिवस येशील का, असं केंद्रातल्या त्या मुलीनं विचारलं. मी हो म्हटलं. खोली तुझ्या लेकीला, निवेसला दे. ईस्टरला मी येईन, पण चार दिवस, आणि तुल्लिओला घेऊन. तो बोलायला लागला की तुम्ही कुणी हसायचं नाही, एवढं सगळ्यांना बजावून ठेव.

तुझीच,
रिनाल्दा