डोळ्यातला ठिपका आणि वरचा मजला

मी, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फोटो स्टुडिओचा मालक, वय वर्षे एकाहत्तर, लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट वकीलबाईंनी दोनदा सुचवले की मृत्युपत्रात गप्पा मारू नयेत, कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहावे. त्यांचा सल्ला मी अर्धा मानला आहे. सर्वांची कायदेशीर नावे त्यांनी सोबतच्या कागदावर घातली आहेत. येथे मी माणसांना घरात जशी हाक मारतो तशीच मारणार.

कलम १. स्टुडिओ, त्यातले कॅमेरे, दिवे, पडदे आणि फिरते स्टूल हे सर्व माझ्या एकुलत्या एक लेकीला. तिला अख्खी गल्ली फोकस म्हणते. तिचा डावा डोळा कृत्रिम आहे. हे मी लपवत नाही, कारण ती लपवत नाही. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा तिने त्याच्यासमोर तो डोळा काढला, पुसला, परत बसवला आणि विचारले की चहा घेणार का. तो पळाला नाही, म्हणून जावई झाला. फोटो काढताना इतरांना एक डोळा मिटावा लागतो, आपला तेवढा वेळ वाचतो, असे ती गिऱ्हाइकांना सांगते. तिने काढलेला फोटो माझ्या फोटोपेक्षा सरस असतो. तिच्या तोंडावर मी हे कधी बोललो नाही, म्हणून येथे सहीनिशी लिहितो.

कलम २. लोखंडी कपाटातल्या खालच्या खणात एक पाकीट आहे. त्यात लेकीच्या लहानपणीच्या सात निगेटिव्ह आणि सात प्रिंट आहेत. ते पाकीट डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शिकवतात त्या कॉलेजला द्यावे, म्हणजे त्या शिकणाऱ्या मुलांना दाखवतील. ते काय आहे ते सांगतो.

रिटचिंगमध्ये माझा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. मुरूम, व्रण, सुरकुती, टाय नसलेल्या गळ्याला टाय, सगळे मी बारीक ब्रशने आणि काळ्या शाईने करत असे. लेक आठ महिन्यांची झाल्यापासून दर महिन्याला तिचा त्याच स्टुलावर एक फोटो काढायचो. प्रत्येक फोटोत तिच्या डाव्या बुबुळात पांढरा ठिपका यायचा. मी म्हणायचो, फ्लॅशचा दोष. ब्रश शाईत बुडवायचो आणि ठिपका काळा करायचो. असे सात महिने केले आणि सातही फोटो दर्शनी काचेत लावले.

एके दिवशी डॉक्टरीणबाई पासपोर्टचा फोटो काढायला आल्या. लेक काउंटरवर बसली होती. त्यांनी तिच्या डोळ्याकडे दोन-तीन बाजूंनी पाहिले आणि मला विचारले, हा पांढरेपणा कधीपासून आहे? मी ऐटीत निगेटिव्ह आणि प्रिंट शेजारी-शेजारी ठेवून दाखवले, की बघा, कसा बेमालूम काढतो. त्यांनी पासपोर्टचा फोटो तसाच सोडला आणि आम्हाला घेऊन थेट इस्पितळ गाठले. डावा डोळा गेला. उजव्यात दोन छोट्या गाठी होत्या, त्या उपचारांनी गेल्या आणि तो डोळा वाचला.

त्यानंतर स्टुडिओत डोळ्याला ब्रश लागलेला नाही. दारावर पाटी लावली: बाळाच्या डोळ्यात पांढरे दिसले तर आधी डॉक्टर, फोटो फुकट. पस्तीस वर्षांत आम्ही अकरा मुले पाठवली. आठ जणांचा खरोखरच फ्लॅशचा दोष निघाला आणि त्यांच्या आईबापांनी मला घाबरवल्याबद्दल झापले. एकाला मोतीबिंदू होता. दोघांना लेकीचाच आजार होता, आणि त्या दोघांचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. त्यातला एक आता बस चालवतो. बस दारावरून जाते तेव्हा हॉर्न देतो, आणि मी काम टाकून बाहेर येतो. आयुष्यात मला बक्षिसे पुष्कळ मिळाली, पण छाती फुगते ती या हॉर्नने.

ती पाटी दर दोन वर्षांनी रंगवून घ्यावी, अशी लेकीला आज्ञा आहे. बँकेतली ठेव तिलाच दिली आहे, तेव्हा रंग महाग झाला अशी सबब चालणार नाही.

कलम ३. पुढील मजकूर जाहीर निवेदन समजावा. हा आजार माझ्या रक्तातून आला आहे. प्रत्येक पेशीत आरबी-वन नावाचे एक जनुक असते. पेशीने दुप्पट व्हायचे की थांबायचे, यावर त्याची राखण असते. आमच्या धंद्यात डेव्हलपरमधला कागद वेळेवर थांबवणाऱ्या पाण्यात टाकला नाही तर तो काळा होत जातो; हे जनुक म्हणजे ते थांबवणारे पाणी, असे मी समजलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समजलात ते बरोबर आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा त्याच्या दोन प्रती मिळतात. एक जन्मापासून बिघडलेली असेल आणि डोळ्याच्या पडद्यातल्या एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, तर ती पेशी थांबायचे विसरते. आमच्या घराण्यातला बिघाड अर्धवट आहे, त्यामुळे कोणाला गाठ होते, कोणाला होत नाही, आणि न झालेला माणूसही तो पुढे देऊ शकतो. माझ्या उजव्या डोळ्यात एक जुना, आपोआप बरा झालेला डाग आहे. पुढे रक्ताच्या तपासणीत बिघाड पक्का सापडला. तो रिपोर्ट या कागदाला जोडला आहे.

कलम ४. माझ्या बायकोला मी काही देऊ शकत नाही. ती चार वर्षांपूर्वी गेली. पण तिचे देणे राहिले आहे. लेकीचा डोळा काढला त्या दिवशी माझी थोरली बहीण, अक्का, इस्पितळाच्या व्हरांड्यात सर्वांसमोर म्हणाली की हे भावजयीच्या माहेरचे रक्त. त्याच आठवड्यात माझ्या डोळ्यातला डाग सापडला होता. मी गप्प बसलो. अकरा वर्षे गप्प बसलो, आणि बायको ते बोलणे ऐकत राहिली. शेवटी धीर करून तिला खरे सांगितले, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला माहीत होतं. तुमचा डोळा तपासला तेव्हा मी तिथंच उभी होते. तुम्ही कधी बोलता तेच बघत होते."

मला माझी लाज वाटते. ती निर्दोष होती आणि माझ्यापेक्षा खंबीर होती, हे या कागदाने सर्वांना कळावे.

कलम ५. घराचा खालचा मजला लेकीला. वरचा मजला अक्काला, मालकी हक्काने, पण एका अटीवर. वडिलांनी सगळे घर माझ्या नावे केले, हे तिला आजवर पचलेले नाही, आणि खरे सांगायचे तर तिचे चुकले नाही. तिचा नातू आता सात महिन्यांचा आहे. माझ्यात आहे ते तिच्यातही असू शकते, तिच्या मुलात आणि या बाळात उतरलेले असू शकते. मी तिला नऊ वेळा सांगितले. "आमच्यात असलं काही नाही" हे तिने नऊ वेळा ऐकवले, जणू आम्ही दोन वेगळ्या घरांत जन्मलो.

तर अट अशी: या महिनाअखेरपर्यंत बाळाच्या बाहुल्या औषधाने मोठ्या करून दोन्ही डोळे तपासून घ्यावेत आणि डॉक्टरांची चिठ्ठी वकीलबाईंकडे द्यावी. नाहीतर वरचा मजलाही लेकीला. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, पण माझ्या मरणाची वाट पाहत त्या बाळाचा डोळा थांबणार नाही. म्हणून हे कलम मी आजच अक्काला फोनवर वाचून दाखवले. तिने पुरते ऐकले आणि फोन आपटला.

कलम ६. हे कलम बारा दिवसांनंतर जोडत आहे. आज सह्या करायला वकीलबाई आणि डॉक्टरीणबाई मागच्या खोलीत बसल्या होत्या. दुसरा साक्षीदार म्हणून शेजारचे घड्याळजी यायचे होते. तेवढ्यात अक्का आली. सुनेला आणि बाळाला घेऊन ती गेल्याच आठवड्यात इस्पितळात जाऊन आली होती. बाळाच्या उजव्या डोळ्यात मोहरीएवढी गाठ सापडली. लेझरने ती जाळली. अजून काही वर्षे तपासण्या कराव्या लागतील, पण नजर जाणार नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले आहे. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि होकार दिला.

मी म्हटले, अट पुरी झाली, मजला तुझा. अक्काने साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून पेन मागितले. वकीलबाई गडबडीने म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते; सही केली तर मजला हातचा जाईल.

"ठाऊक आहे," अक्का म्हणाली. "विचारूनच आलेय. तुझ्या मजल्यासाठी पोराचे डोळे दाखवले, असं त्यानं मोठेपणी ह्या कागदात वाचायला नको." मग कागद उलटून तिने कलम चार वाचले आणि त्यावर बोट ठेवून म्हणाली, "आणि हे व्हरांड्यातलं मी बोलले होते. ते खरं आहे, ह्याला साक्षीदार माझ्याशिवाय दुसरं कोण?"

मी तिला अडवले नाही. अक्का माझी थोरली बहीण आहे, याचा मला अभिमान वाटतो.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

स्थळ: स्टुडिओची मागची खोली
दिनांक: १९ मार्च, दुपारी साडेचार

सही: स्टुडिओचा मालक

साक्षीदार १: डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: अक्का, लिहून देणाऱ्याची थोरली बहीण. वरचा मजला नको.