मैद्याच्या खळीचे मोदक

५ ऑक्टोबर, रविवार
निर्णय झाला. यंदा हॅलोवीनचे पोशाख घरीच करायचे. माझा, आसावरीचा आणि अनयाचा. विकतचं काही नाही.
निमित्त असं की अनयाने नाश्त्याला जाहीर केलं, आईबाबांबरोबर घरोघर कँडी मागत फिरायचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षीपासून ती मैत्रिणींबरोबर जाणार. आईबाबांबरोबर बेबीज जातात म्हणे, आणि ती आता दहा वर्षांची आहे. आसावरी म्हणाली, बरं. इतकंच. मी रिकामाच कप तोंडाला लावला. पण मी भावनेच्या आहारी जाणारा माणूस नाही. असे पोशाख करायचे की पोरगी पुढच्या वर्षी स्वतःहून म्हणेल, बाबा, तू पण चल.
विषय: उकडीचे मोदक. एक मोठा, एक मध्यम, एक छोटा. इथे अमेरिकेत, अख्ख्या रेडमंड गावात हे दुसऱ्या कोणाला सुचणार नाही.
आसावरी म्हणाली, नाहीच सुचणार.

८ ऑक्टोबर, बुधवार
साहित्य ठरलं. हुला हूपच्या कड्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर कागदाचे थर, वर पांढरा रंग. चिकटवायला मैद्याची खळ.
शेजारचा राज म्हणतो ग्लू गन घेऊन जा, माझ्याकडे दोन आहेत. राज दर वर्षी पोशाख ऑनलाइन मागवतो, त्याला काय कळणार. सांगलीत आमच्या मंडळाचं अख्खं मखर खळीवर उभं राहायचं, आणि ते मी केलेलं असायचं. आसावरीचं म्हणणं, माझ्या आईने तिला सांगितलंय की मी शिडी धरायचो. शिडी धरणाऱ्यालाच सगळं काम नीट दिसतं.

११ ऑक्टोबर, शनिवार
नऊला सुरुवात करणार होतो. अकरापर्यंत व्हिडिओ बघून अभ्यास केला. दुपारचं जेवण जड झालं. संध्याकाळी सांगाडे.
माझा उत्तम झालाय. फक्त तो गराजमधून घरात येत नाही, दार अरुंद आहे. अनयाने विचारलं, यातून कँडीची बादली कशी धरायची? हातांना भोकं ठेवायची राहिली होती. पोरीत माझी नजर उतरलीय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
आईला व्हिडिओ कॉल करून खळीचं प्रमाण विचारलं. आई म्हणाली, अमेरिकेत गमची बाटली मिळत नाही का रे? जुन्या पिढीला परंपरेची किंमत राहिलेली नाही.
पहिला थर दिला. उद्यापर्यंत वाळेल.

१५ ऑक्टोबर
नाही वाळला.

१६ ऑक्टोबर
नाही वाळला. इथली हवा दमट आहे, मान्य. पण गणपतीत सांगलीलाही पाऊसच असतो, मखराला कधी काही झालं नाही. आसावरी म्हणाली, मखर मांडवात असायचं. तिला मुद्दा भरकटवायची सवय आहे.
वरून दुसरा थर दिला.

१८ ऑक्टोबर, शनिवार
घरात थोडा ताण. आसावरी दिवाळीची शंकरपाळी करायला घेणार, तर मैदा नाही. मोठी पिशवी होती. मी शांतपणे सांगितलं की मैदा सत्कारणी लागला. ती गाडीची किल्ली घेऊन गेली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
दिवाळी. पोशाखांना सुट्टी. शंकरपाळी छान होती. विकतची.

२५ ऑक्टोबर, शनिवार
बुरशी. हिरवट. पण फक्त मध्यम मोदकावर.
आसावरीला जवळ बसवून हळूच सांगितलं की तिचा पोशाख आता होणार नाही. तिने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. फार वाईट वाटलं. इतकी मनाला लावून घेईल असं वाटलं नव्हतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार
उरलेल्या दोघांना रंग दिला. मोदकाच्या कळ्या मनात होत्या तशा उमटल्या नाहीत, पण लांबून बघितलं तर चालतंय.
अनयाने दोन्ही मोदकांभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाली, मैत्रिणी विचारतील हे काय आहे. त्या कोल्हे होणार आहेत. म्हणजे नुसते कान लावणार. मी म्हटलं, सांगायला बाबा आहे ना. ती ओके म्हणाली. समजूतदार पोर.
फोन शुक्रवारी पाऊस दाखवतोय. आसावरी म्हणते वरून रेनकोट घाला. मोदकाला कोणी रेनकोट घालतं का?

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
पाऊस भुरभुर होता. त्याला मी पाऊस म्हणत नाही. आसावरी घरी कँडी वाटायला थांबली, आम्ही दोघं कोल्ह्यांबरोबर निघालो.
पहिल्याच घरी बाईंनी कौतुकाने विचारलं, लसूण झालायत का? हॅलोवीनला भुतं पळवायला लसूण, ही कल्पना त्यांना फार आवडली होती. मी गैरसमज दूर केला. गणपती, उकड, ओलं खोबरं, गूळ, सगळं सांगितलं. दुसऱ्या घरीही लसूण. तिसऱ्या घरी कांदा. सगळीकडे नीट समजावलं. तोवर कोल्हे बरेच पुढे गेले. चौथ्या घरी मी तोंड उघडायच्या आत अनयाने हसून सांगितलं, 'गार्लिक.' आणि कँडी घेतली.
मला लागलं. इथे खोटं कशाला लिहा.
मग खळ सुटायला लागली. आधी तिच्या मोदकाचा तळ फुटपाथवर पडला, मग कळ्या. माझा अंगाला चिकटत आत आत येत होता. ती सांगाड्यातून बाहेर पडली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, पुढे जाऊ का? जा म्हटलं. चिकट केस आणि ओला स्वेटर, तशीच पळत गेली. कोल्ह्यांनी तिला मध्ये घेतलं. तू काय झालीयेस, असं कोणी विचारलेलं ऐकू आलं नाही.
मी परत आलो. घराच्या दारातून आरामात आत गेलो.

१ नोव्हेंबर, शनिवार
अनया जमिनीवर कँडीचे ढीग लावत बसली होती. मी विषय काढणार नव्हतो. तीच म्हणाली, 'बाबा, नेक्स्ट इयर तू पण ये आमच्याबरोबर. पण प्लीज, काही बनू नकोस. जस्ट चाल.'
योजना शंभर टक्के यशस्वी. आसावरीने विचारलं, पूर्ण वाक्य ऐकलंस ना? ऐकलं. तरी मला फार आनंद झालाय. दुपारी दोनदा उगाच गराजमध्ये जाऊन उभा राहिलो.
आता चालायचंच आहे तर तयारीने. उद्यापासून रोज सकाळी सातला फिरायला जायचं, अनयाला घेऊन. तिला विचारलं. ती लगेच हो म्हणाली.

२ नोव्हेंबर, रविवार
इथे हिवाळ्यासाठी रात्रीत घड्याळं एक तास मागे गेली, म्हणजे झोपायला तासभर जास्त मिळाला. तरी जाग आली तेव्हा साडेदहा वाजले होते.
अनया बूट घालून सोफ्यावर वाट बघत बसली होती म्हणे. मग आसावरीबरोबर चालून आली. मी सॉरी म्हटलं. तिने माझी पाठ थोपटली.
'इट्स ओके, बाबा,' म्हणाली. 'यू हॅव अ होल इयर.'