ओढ्याचं पाणी आणि माझं नेतृत्व

३ फेब्रुवारी, सकाळ
निर्णय झाला. नेतृत्व करायचं.

घरामागचा ओढा आज जांभळा वाहतोय. काल हिरवा होता. वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना आहे. तो ज्या रंगाचा माल काढतो, त्या रंगाचं पाणी आमच्याकडे सोडतो. बायको म्हणते, यंदा बाजारात कुठला रंग चालणार हे आपल्या गल्लीला सगळ्यांच्या आधी कळतं. तिला सगळ्यात विनोद दिसतो. मला प्रश्न दिसतात. हातपंपाच्या पाण्याला वास येतो. शेजारच्या शिंपीणबाईंच्या नातीच्या अंगावर फोड उठलेत, पोर धड झोपत नाही.

विमा कंपनीत जन्म गेला दुसऱ्यांचं नुकसान तपासण्यात. आता रिटायर झालोय, मैदान मोकळं आहे. जगभर साध्या माणसांनी नद्या वाचवल्या, डोंगर वाचवले, जंगलं वाचवली. मी सगळे व्हिडिओ बघतो. सगळीकडे एक गोष्ट समान : पुढे उभा असलेला एक माणूस. आमच्याकडे तेवढाच कमी होता.

संकल्प : पहाटे उठणे. रोज पाच माणसं जोडणे. चहात साखर बंद.

४ फेब्रुवारी
आठला उठलो. नेताच पेंगायला लागला तर चळवळीने कुणाकडे बघायचं? चहात साखर घेतली. एकदम बंद केल्याने चक्कर येते म्हणतात.

जेवताना नेतृत्वाची घोषणा केली. सासूबाईंनी (आमच्याकडेच असतात, कान तिखट, जीभ त्याहून) विचारलं, ते कशाशी खातात? बायको म्हणाली, गल्लीतल्या बायकांचं मागच्याच आठवड्यात ठरलंय, उद्यापासून कारखान्याच्या गेटवर बसायचं. तेवढी माळ्यावरची सतरंजी काढून द्या.

म्हणजे माझा विचार मी बोलायच्या आधीच जनतेत झिरपला होता. याला म्हणतात पकड. सतरंजी काढून दिली. पाठ धरली.

९ फेब्रुवारी
बायका रोज गेटवर बसतायत. मला अजून जाता आलं नाही, कारण चळवळीचं नाव ठरत नाहीये. ‘जागतिक जलन्याय महामंच’ की ‘विश्व ओढा परिषद’? बायको म्हणाली, हातभर ओढ्याला विश्व कुठून चिकटलं? तिला ग्लोबल विचार करायला सांगितलं. ती म्हणाली, करते, तोवर गॅसवरच्या दुधाकडे बघा.

दूध उतू गेलं. लोगो मात्र फर्स्टक्लास झालाय.

१४ फेब्रुवारी
प्रथमच गेटवर गेलो. कोट-टाय. पहिली छाप महत्त्वाची.

वॉचमनने सलाम ठोकून गेटच उघडलं. हेड ऑफिसचा साहेब समजला असावा. आता उघडलेल्या दारातून न जाणं असभ्यपणाचं दिसलं असतं. मॅनेजरच्या केबिनमध्ये एसी चांगला आहे. त्याला खडसावायचंच ठरवलं होतं, पण तो माझं सगळंच मान्य करत गेला. तुमच्यासारखी समंजस माणसं भेटतात कुठे, असं दोनदा म्हणाला. चहा झाला. निघताना शर्टाचं कापड दिलं, जांभळं. पुरावा म्हणून घेतलं.

बाहेर आलो तर सतरंजीवरच्या सगळ्या बायका माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होत्या. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही नक्की कुणाकडून आहात? मी म्हटलं, याला डायलॉग म्हणतात. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी याला दुसरं नाव होतं.

१५ फेब्रुवारी
पुरावा नुसता पडून राहण्यापेक्षा शिवून घ्यावा, शिंपीणबाई शेजारीच आहेत, असं बायकोला सुचवलं. तिने कपाट उघडून वरचा कप्पा दाखवला.

कापड कपाटात वर टाकलं.

२१ फेब्रुवारी
गेटवर आमरण उपोषण. सकाळी भरपेट नाश्ता करून बसलो. अकराच्या सुमारास कारखान्याच्या कॅन्टीनमधून फोडणीचा वास आला. मुद्दाम आणला असणार. भांडवलशाही कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही.

मग शिंपीणबाईंची नात रांगत आली आणि तिने आपलं अर्धं चोखलेलं बिस्किट माझ्यापुढे धरलं. हातावर मलमाचे पांढरे ठिपके. लेकराला नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं. घेतलं. उरलेला पुडा बाईंनी आपणहून पुढे केला.

दुपारी घरी जेवलो. उपोषण तत्त्वतः चालू आहे.

२ मार्च
आंतरराष्ट्रीय दिवस! समुद्रापलीकडच्या एका गावात मासेमारी करणाऱ्या बायका चामड्याच्या कारखान्याविरुद्ध लढतायत. त्यांना मी सविस्तर ईमेल टाकला होता (लोगोसह). आज ऑनलाइन मीटिंग झाली. आमच्या हॉलमध्ये सगळी गल्ली. भाषांतराला लेक.

मी प्रास्ताविक केलं. पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. मोठ्या तन्मयतेने ऐकत होते सगळे. माझा माइक बंद होता हे लेकीने नंतर सांगितलं. आधी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणे, बाबा, तुम्ही रंगात आला होता.

पलीकडच्या म्होरक्या बाईने विचारलं, तुमच्यात सुरुवात कुणी केली? मी माइक सुरू करेपर्यंत सासूबाई स्क्रीनपुढे जाऊन बसल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. या ओढ्यावर त्या धुणी धुतात, मनगटापर्यंत कातडी सोलल्यासारखी झालीय. तिकडच्या बाईनेही आपले हात उचलले. तसेच होते. दोघी कितीतरी वेळ स्क्रीनपुढे तसेच हात धरून बसल्या, मधे भाषांतर नाही, काही नाही.

माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. पंख्याची धूळ. उद्या पंखा पुसणे.

मीटिंग यशस्वी. आयोजन माझं.

९ मार्च
आज अटक होणार अशी पक्की खबर होती. चळवळीत अटकेशिवाय माणूस कच्चाच. बॅग भरून तयार : ब्रश, बीपीच्या गोळ्या, उशी (दुसऱ्या उशीवर मान अवघडते), तुरुंगात लिहायच्या आत्मचरित्रासाठी कोरे कागद.

पोलीस गाडी आली तेव्हा मी हात पुढे करून सर्वांत पुढे उभा होतो. इन्स्पेक्टर म्हणाला, काका, जरा बाजूला व्हा, बायकांना चढू द्या. मी माझं पद सांगितलं. तो म्हणाला, गाडी भरली. मी उभं राहून येतो म्हटलं. तो म्हणाला, हट्ट करू नका.

सासूबाईंना दोन शिपायांनी खुर्चीसकट उचललं. त्या वरून म्हणाल्या, नीट धरा रे, माझ्या लग्नातही एवढं कुणी उचललं नव्हतं. बायको खिडकीतून मला काहीतरी ओरडून सांगत होती. निरोप असणार, इतिहासासाठी. पळत गाडी गाठली. ती म्हणत होती, गॅस बंद आहे का बघा आणि चौकीवर डबे घेऊन या.

गॅस चालूच होता.

१० मार्च
काल डबे भरण्यात मुख्य घटना हुकली. सासूबाईंना उचलताना आतल्या कामगारांनी पाहिलं. ते आपल्याच भागातले. त्यांचीही पोरं त्याच हातपंपाचं पाणी पितात. दुपारची पाळी यंत्रं बंद करून बाहेर आली आणि गेटवरच्या रिकाम्या सतरंजीवर बसली. अटकेतल्या बायका संध्याकाळी सुटून आल्या, तरी कामगार उठले नाहीत. रात्रपाळीही येऊन बसली. मॅनेजर बाहेर आला तर त्याच्याच फोरमनने त्याला बसायला जागा करून दिली म्हणतात.

मी त्या वेळी चौकीत डबे वाटत होतो. पोळ्या कमी पडल्या. हवालदाराने माझ्या वाटच्या दोन खाल्ल्या. हासुद्धा एक प्रकारचा त्यागच.

१८ मार्च
जिंकलो! कारखाना बंद पडल्यावर सरकारी माणसं आली, पाणी तपासलं, तोंडं आंबट केली. आज करार झाला. रंगाचं पाणी ओढ्यात नाही सोडायचं. टँकरने शुद्धीकरण केंद्रात न्यायचं. फोडांच्या औषधपाण्याचा खर्च कारखान्याचा. सह्या बायकोच्या, शिंपीणबाईंच्या आणि फोरमनच्या. माझी सही राहिली. पेन माझं होतं.

शिंपीणबाई सही झाल्यावर कोपऱ्यात तोंड फिरवून रडल्या. बायकोने त्यांना जवळ घेतलं. मी लोगो दाखवायला नेला होता, तो परत आणला.

२० मार्च
एकमताने निवड! एकमताने!!

समितीची बैठक होती. पांढऱ्या शर्टाला इस्त्री करण्यात जरा उशीर झाला. आत शिरतो न शिरतो तोच बायकोने माझं नाव पुकारलं, मंजूर का विचारलं, आणि सगळे हात वर. शिंपीणबाईंचे तर दोन्ही. सासूबाई म्हणाल्या, यांच्याइतका रिकामा माणूस मिळायचा नाही. (म्हणजे पूर्ण वेळ देणारा.) आभाराच्या भाषणात जगातल्या सर्व चळवळींना सलाम केला. लोक उभे राहिले. काही जण चपला घालत होते, पण उभे राहिले.

नेमकं पद विचारलं नाही. विचारणं बरं दिसत नाही. अध्यक्षच.

२१ मार्च
पदाचा खुलासा झाला.

काल रात्रीपासून कारखाना पुन्हा सुरू झालाय. तो शब्द पाळतो की नाही हे बघायला रोज उजाडताच कुणीतरी ओढ्यातून बाटलीभर पाणी काढून तपासणीच्या गाडीत द्यायचं. बाकी सगळ्यांना कामं आहेत. सासूबाई या पदाला पाणक्या म्हणतात.

पांढरा शर्ट घालून गेलो. पत्रकार नव्हते. एक कुत्रं होतं. बाटली बुडवायला वाकलो, शेवाळावरून पाय सटकला आणि थेट ओढ्यात बसलो, गळ्यापर्यंत. कुत्रं भुंकलं. बाटली कशीबशी भरली, पिशवीत टाकली, गाडी यायच्या आत कपडे बदलायला घरी आलो.

बायकोने दारातच अंगातला शर्ट उतरवून घेतला. उजेडात धरला. उलटा केला, बाह्या पाहिल्या, कॉलर पाहिली. चिखल होता, गवताची काडी होती. रंग कुठलाच नव्हता. तिने आईला हाक मारली, आईने शिंपीणबाईंना. तिघी माझा शर्ट हातात घेऊन बघत राहिल्या. शिंपीणबाईंनी तो गालाला लावला.

मी उघडाबंब दारात उभा. शिंक आली. बायको म्हणाली, आणि बाटली? पिशवी उघडली. झाकण नीट लागलं नव्हतं. पुन्हा गेलो.