बुझुकी माझी, मशीन तोर्केलचं

गोथेनबर्ग, १९९९

३ फेब्रुवारी
आजपासून रोज रियाज. ईस्टरला आपल्या ग्रीक मंडळाच्या नाचाला स्टॉकहोमचा रेकॉर्ड कंपनीवाला येतोय. करार झाला की मासळी बाजारातल्या नोकरीला लाथ. करार होणारच. अरेतीबरोबरच्या जोडीत बुझुकीच्या तारा छेडणारा मी, म्हणजे जीव माझा. अरेती नुसती गाते.

६ फेब्रुवारी
रियाज उद्यापासून. मासळीच्या बर्फाने बोटं आखडलीत.
तोर्केलच्या तळघरात तालीम. हा स्वीडिश ठोकळा आमच्या गाण्यांखाली मशीनवरून नाचाचे ठोके लावतो. हसत नाही, चिडत नाही, बूट मात्र दाराबाहेर काढायला लावतो. मला जरा उशीर झाला तर अरेती म्हणाली, थ्रासो, आम्ही दोघं काय इथे खुर्च्या राखायला बसलोय? मी म्हटलं, कलावंताची वाट बघावीच लागते.

१४ फेब्रुवारी
तोर्केल म्हणे मी ठोक्याच्या पुढे पळतो. ठोका मागे पडतो, हे त्याच्या टाळक्यात शिरत नाही. माझे आजोबा ग्रीसमध्ये पिरेयस बंदरावर वाजवायचे. त्यांच्यामागे होतं कुठलं मशीन?

२२ फेब्रुवारी
ईस्टरचे उपास सुरू. मांस, अंडी, चीज, शिवाय सिगारेट बंद. मन शुद्ध तर सूर शुद्ध.
दुपारी एक सॉसेज खाल्लं. स्वीडिश सॉसेजमध्ये मांस असतं असं मी मानत नाही.

२ मार्च
जबरदस्त आयडिया! माझीच. सगळे बुझुकीचे तुकडे एकदाच वाजवून तोर्केलच्या मशीनमध्ये भरून टाकले. आता तालमीत मशीनने घाम गाळावा, मी थेट कार्यक्रमाला. तोर्केल पहिल्यांदाच हसला. अरेतीने विचारलं, नक्की ना? मागाहून कुरकुर नको हं. जळते मेली.

१९ मार्च
तालमीला ये म्हणून कोणाचाही फोन नाही. आता कुठे मान द्यायला शिकले.
सिगारेट सुरू. गळा माझा कुठे लागतोय?

२ एप्रिल
अरेतीला फोनवर सुनावलं, पोस्टरवर माझं नाव आधी हवं. गाणाऱ्या पोरी या गावात ढिगाने मिळतात, असंही सांगितलं. तिने फोन ठेवला. घाबरली.

१० एप्रिल
पांढरा कोट इस्त्री केला. मावसभाऊ स्पिरोसला टोपलीभर कार्नेशनची फुलं दिली. बुझुकी सुरू झाली की स्टेजवर उधळायची, जोरात, पण तोंडावर नको.
कार्यक्रम पाचला. आपल्या मंडळाचे पाच म्हणजे साडेसहा. मी पावणेसातला जाईन. लोक ताटकळले की टाळ्या जास्त पडतात.

११ एप्रिल, ईस्टर
त्या ठोकळ्याने बरोबर पाचला सुरू केलं! आपल्या मंडळात! आणि आपले लोक आले वेळेवर!
दारातून आत शिरलो तर अख्खा हॉल नाचत होता. स्टेजवर अरेती आणि तोर्केल. मशीनमधून माझी बुझुकी वाजत होती, ठोक्यावर चपखल बसवलेली. सांगितल्याप्रमाणे स्पिरोस फुलं उधळत होता, तोर्केलवर. अरेतीने मला पाहिलं आणि पुढचं कडवं घेतलं.
कंपनीवाला दाराशीच उभा होता. माझ्या हातातली बुझुकीची केस बघून म्हणाला, सामान मागच्या दाराने न्या. मी म्हटलं, मी या जोडीतला. तो म्हणाला, जोडी तर स्टेजवर आहे, दोघांशी बोलणं झालंय, उद्या सह्या.
संताप आला. मग रडू आलं.
तेवढ्यात आई नाचता नाचता धापा टाकत आली. म्हणाली, अरे, तू इथे? मग वाजवतंय कोण? कोणी का असेना, तुझ्यापेक्षा चांगलं वाजवतोय मेला.
मीच वाजवतोय, म्हटलं.
तिने माझ्या हातातल्या बंद केसकडे बघितलं, माझा गाल थोपटला आणि पुन्हा नाचायला गेली.