बिनकठड्याचा जिना

धुळे,
आखाजीनंतरचा सोमवार, १९७४

प्रिय हिरामण,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं; आज तू मला मुळीच प्रिय नाहीस. तू बांधलेल्या आपल्या घराचा फोटो मासिकात आला म्हणून नानांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. फोटोत जिना काय सुरेख दिसतो! पांढऱ्या मोझॅकच्या पायऱ्या, एका बाजूला भिंत, दुसरीकडे काहीच नाही. खाली छापलंय, तरंगता जिना. अरे, त्यावरून माणसं चढतात-उतरतात!

बांधतानाच मी म्हटलं होतं, कठडा कर, निदान पायरीच्या कडेला काळी पट्टी तरी घाल. तू हसलास. म्हणे पट्टीनं रेष तुटते आणि अक्काला पारोळ्याला सासरच्या कठड्याच्या माडीची सवय. शिकलेला तू, म्हणून मी गप्प बसले. दिव्याचं बटण दारामागे, खिडकीला छज्जा नाही म्हणून वैशाखाचं ऊन थेट पलंगावर, तेही सोसलं. पण नानांची खोली वर आणि न्हाणी-संडास खाली, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

यंदा आखाजीच्या सणाला, अक्षय्यतृतीयेला, मी माहेरी आले, तर नानांच्या कपाळाला तीन टाके. म्हणाले, न्हाणीत घसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला उठले आणि पाहिलं. कापसाच्या जिनिंगमध्ये चाळीस माणसांवर हुकूम चालवलेले आपले नाना जिन्यात बसले होते. बसल्या बसल्या, हातानं पुढची पायरी चाचपत, एकेक पायरी खाली सरकत होते. मी समोर उभी होते. त्यांना दिसले नाही.

काचबिंदू आहे. गेल्या दिवाळीपासून. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात डॉक्टर. तुला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती, ती आत्ता मोडली. खाली झोपा म्हटलं तर ऐकत नाहीत, ती खोली हिरामणनं माझ्यासाठी काढली म्हणतात. शेवटी मी चुडामण सुताराकडून सागवानी कठडा बसवून घेतला. संध्याकाळी नानांचा हात त्याला लागला आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "हिरामणना नकाशामा जे नही, ते मना घरमा नही!" चुडामणनं सगळा उखडून नेला. मला रागानं रडू फुटलं.

म्हणून हे पत्र. नवा नकाशा काढ. त्यात कठडा दाखव, पट्टी दाखव, तारीख घर बांधलं त्या वर्षाची टाक आणि नानांच्या नावे रजिस्टरनं धाड. सोबत लिही, 'हे पहिल्यापासून ठरलेलं होतं, माझ्या हातून राहून गेलं.' गवंड्यावर ढकलू नकोस. खरं म्हणजे कोरा कागद हातात धरूनही मी हे सगळं वाचून दाखवलं असतं, नानांना कळलं नसतं. पण जिना तू बांधलास. खोटंही तूच बोल.

तुझीच, आणि अजून रागातच,
अक्का